लिंकनचे दोन ह्यू आणि ‘काळच तसा होता’ ही पळवाट

१/
इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकन नावाचे लहानसे शहर आहे. सपाट शेतजमिनीतून एकाएकी उठलेली टेकडी, टेकडीवर किल्ला आणि किल्ल्यासमोर तीन मनोऱ्यांचे भव्य कॅथेड्रल. वर जाणाऱ्या रस्त्याचे नावच ‘स्टीप हिल’, म्हणजे खडी चढण. आणि ते नाव सार्थ आहे. कॅथेड्रलमध्ये शिरलेला बहुतेक प्रत्येक प्रवासी मान वर करून फिरतो, कारण तेथील कमानी आणि छते तशीच आहेत. हा धागा मात्र मान खाली करून पाहावे लागणाऱ्या एका लहानशा थडग्याविषयी आहे.

२/
आधी कौतुक, कारण ते खरे आहे. विल्यम विजेत्याच्या काळात बिशप रेमिजियसने १०७२ मध्ये या वास्तूचा आरंभ केला. ११८५ च्या भूकंपात तिचा मोठा भाग कोसळला. ११९२ पासून बिशप ह्यूने ती नव्याने उभारण्यास घेतली. १३११ मध्ये मधल्या मनोऱ्यावर शिखर चढले, तेव्हा ही जगातील सर्वांत उंच वास्तू ठरली असे मानले जाते. १५४८ मध्ये ते शिखर पडले आणि पुन्हा कधी बांधले गेले नाही. शिखराविनाही ही वास्तू मैलोन्मैल दुरून दिसते.

३/
पूर्वेकडील भागाला ‘एंजल क्वायर’ म्हणतात. भिंतींवर कोरलेल्या देवदूतांवरून हे नाव पडले. १२५६ मध्ये त्याचे काम सुरू झाले व १२८० मध्ये तो पूर्ण झाला. तेथेच एका खांबावर पाय दुमडून बसलेला छोटा दगडी सैतान आहे, लिंकनचा प्रसिद्ध ‘इम्प’. तो शहराचे चिन्ह झाला आहे. फुटबॉल संघाचे टोपणनावही त्याच्यावरूनच पडले. प्रवासी त्याला शोधतात, सापडला की हसतात, छायाचित्र घेतात आणि पुढे जातात.

४/
जवळच, क्वायरच्या दक्षिणेकडील पडवीत, एका मुलाच्या थडग्याचे अवशेष आहेत. मुलाचे नाव ह्यू. शेजारी १९५५ मध्ये लावलेला फलक आहे. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचे नरबळी देतात अशा बनावट कथा मध्ययुगात युरोपभर पसरल्या, त्यांपायी अनेक निरपराध ज्यूंचे प्राण गेले, लिंकननेही अशी एक कथा बाळगली आणि ती ख्रिस्ती धर्माला भूषणावह नाही, असा त्या फलकाचा आशय आहे. शेवटी क्षमेची प्रार्थना आहे.

५/
हा फलक न वाचता जो लिंकनचे कॅथेड्रल पाहून येतो, त्याने एक उत्तम इमारत पाहिलेली असते; इतिहास पाहिलेला नसतो. आणि फलक वाचूनही जो ‘काय करणार, काळच तसा होता’ असे म्हणून खांदे उडवतो, त्याने या वास्तूवर अन्याय केलेला असतो. कारण काळ तसा नव्हता, याचा सर्वांत भक्कम पुरावा याच छताखाली आहे. तो पुढे येईलच. आधी घडले काय ते पाहू.

६/
१२५५ चा जुलै संपत असताना लिंकनमधून आठ-नऊ वर्षांचा ह्यू नाहीसा झाला. ऑगस्टच्या अखेरीस त्याचे प्रेत एका विहिरीत सापडले. त्याच सुमारास शहरात एका ज्यू घरी लग्न होते आणि त्यासाठी गावोगावचे ज्यू लिंकनमध्ये जमले होते. एवढ्या दोन गोष्टी कंडी पिकायला पुरल्या. ज्यूंनी मुलाला पळवले, येशूची विटंबना म्हणून त्याला क्रुसावर चढवले आणि प्रेत विहिरीत टाकले, अशी ती कथा होती.

७/
ती कथा लिंकनमध्ये जन्मली नव्हती; तिचा साचा तयारच होता. ११४४ मध्ये नॉर्विच येथे विल्यम नावाचा मुलगा मृतावस्थेत सापडला आणि काही वर्षांनी थॉमस ऑफ मॉनमथ या भिक्षूने त्या मृत्यूवर ज्यूंच्या कटाची कहाणी रचली. त्यानंतर ग्लॉस्टर, बरी सेंट एडमंड्स अशी तिची आवृत्ती निघत गेली. गाव बदलायचे, मुलाचे नाव बदलायचे. बाकी मजकूर तोच. लिंकनमध्ये एक गोष्ट मात्र नवी घडली. इंग्लंडच्या राजसत्तेने प्रथमच या कथेवर आपली मोहोर उठवली.

८/
जॉन ऑफ लेक्सिंग्टन हा राजाच्या सेवेतला वजनदार माणूस त्या वेळी लिंकनमध्ये होता. त्याचा सख्खा भाऊ हेन्री हा लिंकनचा तत्कालीन बिशप. जॉनने कोपिन नावाच्या ज्यूला पकडले आणि ‘कबूल केलेस तर जीव वाचेल’ असे वचन देऊन त्याच्याकडून कबुलीजबाब मिळवला. मानेवर तलवार ठेवून घेतलेली कबुली म्हणजे पुरावा नव्हे, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. पण पुढचे सर्व काही या एका कबुलीवर उभे राहिले.

९/
राजा तिसरा हेन्री उत्तरेहून परतत होता. ऑक्टोबरच्या आरंभी तो लिंकनला आला. त्याने जॉनचे वचन धुडकावले आणि कोपिनला मृत्युदंड फर्मावला. कोपिनला घोड्याला बांधून रस्त्यांतून फरफटत नेण्यात आले आणि फासावर दिले. अशा रीतीने जो एकमेव ‘साक्षीदार’ उलटतपासणीत टिकला असता किंवा कोसळला असता, तोच संपवण्यात आला. त्याची कथा मात्र सरकारी सत्य म्हणून जिवंत राहिली.

१०/
लिंकनचे सुमारे ९० ज्यू बेड्या घालून लंडनला नेण्यात आले. त्यांतील १८ जणांनी केवळ ख्रिस्ती पंचांच्या मंडळापुढे न्यायनिवाड्यास उभे राहण्यास नकार दिला. ज्यांनी आधीच गुन्हेगार ठरवले त्यांच्याकडूनच न्याय कसा मागावा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. हा नकार हीच गुन्ह्याची कबुली मानून त्या अठराही जणांना फाशी देण्यात आली. उरलेल्यांसाठी भिक्षुसंघातील काहींनी आणि राजाच्या भावाने मध्यस्थी केली. पुढील वर्षी त्यांची सुटका झाली.

११/
येथे थांबून विचार करावा. साऱ्या ज्यूंनी मिळून मुलाचा बळी दिला, असा आरोप होता. तो राजाला खरोखरच पटला असता, तर ७० हून अधिक ‘खुनी’ वर्षभरात मोकळे सुटले नसते. आणि आरोप खोटा होता, तर १९ माणसे कशासाठी मारली? या दोहोंपैकी एकाही प्रश्नाला राजाच्या बाजूने उत्तर देता येत नाही. उत्तर खजिन्यात शोधावे लागते.

१२/
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ज्यू ही राजाची खासगी मिळकत समजली जाई. बहुतेक धंदे आणि जमीन त्यांना बंद. सावकारी तेवढी खुली. त्यांनी कमवावे आणि राजाने करांतून ते काढून घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. १२५५ मध्येच कर्जबाजारी हेन्रीने ज्यूंकडून वसुली करण्याचा हक्क आपला भाऊ रिचर्ड ऑफ कॉर्नवॉल याच्याकडे गहाण टाकला होता. मात्र देहदंड झालेल्या ज्यूची मालमत्ता राजाकडेच जमा होई. जिवंत ज्यूची मिळकत भावाची, फाशी गेलेल्याची राजाची. हिशेब इतका उघड आहे.

१३/
या व्यवहाराला लिंकनमध्ये जुना संदर्भ होता. ११८६ मध्ये मरण पावलेला ॲरन ऑफ लिंकन हा देशातील अत्यंत धनाढ्य सावकारांपैकी एक. सिस्टर्शियन पंथाच्या नऊ मठांनी त्याच्याकडून कर्ज घेतले होते. लिंकन कॅथेड्रलची आभूषणेसुद्धा एका बिशपने त्याच्याकडे गहाण ठेवली होती. ॲरन मरताच राजाने त्याची सारी संपत्ती ताब्यात घेतली आणि त्याच्या कर्जांच्या वसुलीसाठी खजिन्यात स्वतंत्र खाते उघडले. ज्यांच्या पैशावर मठ उभे राहिले, त्यांच्याच वंशजांवर मठांतील बखरकारांनी नरबळीचा आरोप लिहून ठेवला.

१४/
कॅथेड्रलचाही लाभ झाला. मुलाचे प्रेत धर्माधिकाऱ्यांनी मागून घेतले, वाजतगाजत आणून आत पुरले आणि तो ‘हुतात्मा’ झाला. पोपने त्याला कधीही अधिकृत संतपद दिले नाही, पण लोक त्याला ‘लिटल सेंट ह्यू’ म्हणू लागले. चमत्कारांच्या वार्ता आल्या, त्यामागून यात्रेकरू आले आणि त्यांच्यामागून दानही आले. एंजल क्वायरचा पाया घालण्याची तयारी त्याच काळात चालू होती, हे ध्यानात ठेवावे. मराठीत यासाठी एक कडक वाक्प्रचार आहे: मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे.

१५/
आता ती पळवाट. ‘तेव्हाची माणसे भोळी होती, अशा गोष्टींवर त्यांचा विश्वास बसे, आजच्या मापाने त्यांना मोजू नये.’ ऐकायला हे उदार वाटते. पण या वाक्यात एक गृहीतक दडले आहे: त्या काळी कोणालाच खरे माहीत नव्हते. हे गृहीतक चुकीचे आहे. १२५५ पूर्वी या आरोपाची चौकशी झाली होती, निकाल लागला होता आणि तो युरोपातील सर्वोच्च पदांवरून जाहीर झाला होता.

१६/
पहिला निकाल सम्राटाचा. जर्मनीत असाच आरोप उठला तेव्हा दुसऱ्या फ्रेडरिकने १२३६ मध्ये ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या जाणकारांना पाचारण केले. जुन्या धर्माचे गुपित असते तर त्यांनी ते फोडले असते. त्यांना ते लपवण्याचे कारण नव्हते. असा कोणताही विधी ज्यू धर्मात नाही, उलट रक्त त्यांना निषिद्ध आहे, असे त्यांनी सांगितले. सम्राटाने ज्यूंना निर्दोष जाहीर केले. ही विचारणा इंग्लंडच्या दरबारातही पोहोचली होती, आणि तेव्हा गादीवर हाच तिसरा हेन्री होता.

१७/
दुसरा निकाल पोपचा. चौथ्या इनोसंटने १२४७ मध्ये जर्मनी व फ्रान्समधील बिशपांना लिहून हे आरोप खोटे असल्याचे आणि ज्यूंची मालमत्ता लुबाडण्यासाठी ते रचले जात असल्याचे बजावले. लिंकनच्या घटनेपूर्वी आठ वर्षे! म्हणजे हेतूचे निदानही आधीच झाले होते. ज्या चर्चच्या सर्वोच्च गुरूने हे लिहिले, त्याच चर्चच्या एका कॅथेड्रलने या आरोपावर थडगे बांधले.

१८/
तिसरा निकाल लिंकनचाच, आणि तोच सर्वांत लाजिरवाणा. ११९० मध्ये इंग्लंडभर ज्यूंवर हल्ले झाले. स्टॅमफर्ड येथे लूट करून पळालेला जॉन नावाचा तरुण नॉर्दॅम्प्टनला गेला. तेथे लुटीच्या हव्यासापोटी त्याच्या यजमानानेच त्याचा खून केला. प्रेत गावाबाहेर सापडले, लोकांना स्वप्ने पडू लागली, चमत्कार घडू लागले आणि हा लुटारू ‘हुतात्मा’ म्हणून पुजला जाऊ लागला. नॉर्दॅम्प्टन लिंकनच्या धर्मप्रांतात होते. तेथील बिशप म्हणजे कॅथेड्रल नव्याने बांधणारा तोच ह्यू.

१९/
ह्यू मूळचा फ्रान्समधील ॲव्हलॉनचा, कार्थुशियन पंथाचा कठोर संन्यासी. तो स्वतः नॉर्दॅम्प्टनला गेला, थडग्यावरील पूजेच्या खुणा त्याने काढून टाकल्या आणि ही भक्ती बंद केली. यात्रा भरली की चर्चला पैसा मिळतो, हे त्यालाही ठाऊक होते. जमाव चिडेल, हेही ठाऊक होते. तरी त्याने ते केले. खोट्या हुतात्म्याची भक्ती रोखणे हे बिशपचे कर्तव्य आहे, असे त्याला वाटले. त्यासाठी विसावे शतक उजाडण्याची त्याने वाट पाहिली नाही.

२०/
ज्यूंवर चालून आलेल्या जमावासमोरही तो उभा राहिला होता. १२०० च्या नोव्हेंबरात त्याचे निधन झाले. त्याचे शव लिंकनला आणले तेव्हा इंग्लंडचा राजा जॉन आणि स्कॉटलंडचा राजा विल्यम यांनी तिरडीला खांदा दिला. लिंकनचे ज्यूही रडत अंत्ययात्रेत सामील झाले, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. १२२० मध्ये त्याला संतपद मिळाले. एंजल क्वायर बांधला तो याच संत ह्यूच्या अवशेषांसाठी.

२१/
तेव्हा एकाच छताखाली दोन ह्यू आहेत. एक, ज्याने खोटा हुतात्मा मोडून काढला. दुसरा, ज्याला मेल्यावर खोटा हुतात्मा बनवण्यात आले. दोघांमध्ये अवघी ५५ वर्षे. पहिल्या ह्यूची अंत्ययात्रा पाहिलेले वृद्ध दुसऱ्याच्या दफनाच्या वेळी शहरात असू शकतील, इतके हे अंतर कमी आहे. त्यामुळे १२५५ चे धर्माधिकारी अडाणी होते, असे म्हणता येत नाही. आपल्याच बिशपचा कित्ता समोर असताना त्यांनी त्याच्या नेमके उलट केले.

२२/
या साऱ्यात त्या मुलाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. १७९१ मध्ये थडगे उघडले तेव्हा आत लहान मुलाचा सांगाडा होता. म्हणजे मूल खरे होते, मृत्यू खरा होता, आईचा आक्रोशही खरा असणार. तो विहिरीत पडला की कोणी ढकलला, याचा शोध मात्र घेतलाच गेला नाही. खुनी असलाच तर तो सुखाने मोकळा राहिला. खोट्या कथेने १९ ज्यूंचा जीव घेतला आणि ह्यूचा न्यायही घेतला.

२३/
पुढे कथेने राजमान्यता मिळवली. १२७५ च्या कायद्याने ज्यूंना व्याजाचा धंदा बंद केला आणि अंगावर पिवळी खूण सक्तीची केली. १२९० च्या जुलैत पहिल्या एडवर्डने सर्व ज्यूंना देशाबाहेर घालवले. त्याच वर्षी त्याला भरघोस कर मंजूर झाला. लहानग्या ह्यूचे सुबक थडगे, त्यावरील राजचिन्हांसह, याच सुमारास उभे राहिले असे अभ्यासक मानतात. हद्दपारीला समर्थन हवे होते. दगडात कोरलेला हुतात्मा त्या कामी आला. सतराव्या शतकात त्या थडग्याची मोडतोड झाली, म्हणून आज अवशेषच दिसतात.

२४/
१२९० ते १६५६ अशी ३६६ वर्षे इंग्लंडमध्ये ज्यूंना उघडपणे राहण्याची मुभा नव्हती. पण कथा राहिली. ह्यूच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तिचा उल्लेख असा केला, जणू ती काल-परवा घडली. ह्यूवरची लोकगीते समुद्र ओलांडून अमेरिकेपर्यंत गेली. ज्यांनी आयुष्यात एकही ज्यू पाहिला नव्हता, अशा आया मुलांना ती गात होत्या. आणि १९३४ मध्ये ‘देर श्ट्युर्मर’ या नाझी साप्ताहिकाने याच आरोपावर विशेषांक काढला. पुढे युरोपात काय झाले, ते सांगण्याची गरज नाही.

२५/
व्यापारही थांबला नाही. स्टीप हिलजवळ ‘ज्यूज कोर्ट’ नावाची जुनी इमारत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ‘ह्यूचे प्रेत सापडले ती हीच विहीर’ म्हणून पैसे घेऊन विहीर दाखवली जाई. ती आपण स्वतः, मालकाच्या सांगण्यावरून खणली, असे एका कामगाराने पुढे सांगितले. १२५५ मध्ये मढ्यावर कमाई झाली, तशीच साडेसहाशे वर्षांनी एका खड्ड्यावरही झाली. गिऱ्हाईक दोन्ही वेळा एकच होते: सुरस कथेचे भुकेले आणि चौकशीला कंटाळणारे लोक.

२६/
‘जुनी मढी कशाला उकरायची? सुंदर वास्तू आहे, ती पाहावी,’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे: हे मढे गाडले कोणी? कथा ७०० वर्षे मोठ्याने सांगितली गेली, तेव्हा कोणाला ती जुनी वाटली नाही. खंडन येताच ती एकाएकी जुनी झाली. दुसरीकडे, थडगेच उखडून टाका म्हणणारेही चुकतात. ते नाहीसे झाले तर गुन्ह्याची जागा मोकळी होईल आणि दगडी देवदूत व हसरा इम्प एवढाच लिंकनचा इतिहास उरेल.

२७/
म्हणून थडगेही राहावे आणि फलकही. लिंकनच्या कॅथेड्रलने स्वतःच्या भिंतीवर स्वतःविरुद्ध साक्ष लिहिली, हे त्याचे मोठेपण निःसंशय आहे. पण ती साक्ष यायला ७०० वर्षे आणि एक वंशसंहार लागला, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे. खंडनाची सर्व सामग्री १२५५ मध्येच उपलब्ध होती. सम्राटाचा निवाडा होता, पोपचे पत्र होते आणि आपल्याच बिशपचे उदाहरण होते. उणीव होती ती लाभावर पाणी सोडण्याच्या तयारीची.

२८/
लिंकनला जाणाऱ्याने कमानी डोळे भरून पाहाव्यात, इम्पही शोधावा. त्यानंतर दक्षिणेकडील पडवीत यावे आणि मान खाली घालून तो फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. कोणत्याही गावात, कोणत्याही धर्माच्या नावाने, एखाद्या मुलाच्या प्रेतावर रचलेली कथा पुन्हा कानावर आली की पहिला प्रश्न ‘हे खरे आहे का’ हा विचारावा आणि दुसरा, ‘यातून कोणाचे भले होते’. १२५५ मध्ये लिंकनमध्ये हे दोन प्रश्न विचारू शकणारी माणसे होती. त्यांनी ते विचारले नाहीत.